जुनं हाउस, नवं सॉफ्टवेअर : बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नव्या डीजेंसाठी

आपल्याकडं डीजे शिकणारी पोरं बहुतेक एकाच वाटेनं येतात. आधी कुणाच्या तरी डॉल्बीवर बॉक्स उचलायला आणि केबल ओढायला जायचं, मालक जेवायला बसला की लॅपटॉपवर हात फिरवायचा, मग पैसे साठवून छोटा कंट्रोलर (लॅपटॉपमधलं डीजे सॉफ्टवेअर हातानं चालवायचं बटणांचं यंत्र) घ्यायचा. या सगळ्या काळात कानावर पडतं ते अलीकडचं, कॉम्प्युटरवर बनलेलं संगीत: हलगी मिक्स, मराठी-कन्नड गाण्यांचे रिमिक्स, मिरवणुकीची बीट. त्या फायलींचा वेग पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच असतो आणि आवाज ठासून भरलेला असतो. सिंक (दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की दोन ट्रॅक चिकटतात.

मग कधीतरी चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणं होतं, तिथं १९८६-८७ च्या शिकागोचं हाउस (ड्रम मशीनच्या सरळ ठेक्यावरचं नाचाचं संगीत) ऐकायला मिळतं आणि ते डोक्यातून जात नाही. पण घरी येऊन तेच ट्रॅक लॅपटॉपवर घेतले की किक (ड्रमचा खालचा जड ठोका) दुहेरी ऐकू येते, जुना ट्रॅक आला की आवाज बसतो, दोन बेस एकमेकांत कालवले जातात. बरीच पोरं इथंच सोडून देतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अडचण सुटण्यासारखी असते. सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल सरळ वेगाची आणि भरपूर आवाजाची आहे असं धरून चालतं. जुन्या ट्रॅकची चाल, आवाज आणि सूर त्याला आपण समजावून द्यायचा असतो. हे काम घरी, निवांत, हेडफोन लावून होतं. कार्यक्रमात जे ऐकू येतं त्यातलं निम्म्याहून जास्त तिथंच ठरलेलं असतं.

आधी थोडी ओळख

हाउस हे नाव शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबवरून पडलं. १९७७ साली तो सुरू झाला आणि न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स तिथं वाजवू लागला. नाचायला येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण, त्यातले बरेच समलिंगी. डिस्कोच्या रेकॉर्डी नकल्स टेपवर कापून-जोडून लांबवायचा. पुढं त्यांच्याखाली ड्रम मशीनही चालवू लागला. १९८४ साली जेसी साँडर्सची रेकॉर्ड आली, तिला पुष्कळ जण पहिली हाउस रेकॉर्ड मानतात. त्यानंतर ट्रॅक्स आणि डीजे इंटरनॅशनल या दोन कंपन्यांनी मार्शल जेफरसन, लॅरी हर्ड अशा तरुणांचं संगीत बाहेर आणलं.

यंत्रं मोजकीच होती. रोलंड कंपनीची ड्रम मशीनं, टीआर-८०८ ही १९८० ची, टीआर-९०९ ही १९८३ ची, आणि बेससाठी बनवलेली टीबी-३०३ ही १९८१ ची. ३०३ बाजारात चालली नाही, १९८४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं आणि ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. त्या यंत्राची बटणं वाजता वाजता फिरवून ‘फ्युचर’ या शिकागोच्या गटानं १९८७ मध्ये जो चिरका, वळवळणारा आवाज काढला, त्यातून अॅसिड हाउस आलं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच ३०३ आणि ८०८ वापरून रागांवर एक अख्खा अल्बम केला होता, हे आपल्या पोरांनी जरूर ऐकावं.

ही ओळख पुढच्या कामासाठी लागणार आहे. ड्रम मशीनचा ठेका स्वतः पक्का असतो. पण तो टेपवर रेकॉर्ड झाला, टेपवरून प्लेटवर गेला, आणि कुणाच्या तरी टर्नटेबलवरून कॉम्प्युटरमध्ये आला. प्रत्येक टप्प्यावर वेग जरासा हलला. म्हणून तुमच्या फाइलचा वेग मिनिटाला १२१ किंवा १२२ बीट असा गोल आकडा नसून १२१.३७ असा काहीतरी निघतो. आणि जिथं माणसानं ड्रम वाजवलाय, अशा डिस्को रेकॉर्डीत तर वेग गाण्याच्या ओघात वर-खाली होतच असतो.

१. सामान

- लॅपटॉप: ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला कुठलाही चालतो. वाजवताना वायफाय, अपडेट आणि अँटिव्हायरसचं स्कॅन बंद.
- दोन चॅनेलचा कंट्रोलर, आत साउंड कार्ड असलेला. हेडफोनचा आणि बाहेर जाणारा आवाज वेगळा मिळणं ही यातली मुख्य गोष्ट आहे. केवळ लॅपटॉपच्या एका पिनवर मिक्सिंग शिकता येत नाही.
- कान पूर्ण झाकणारा, वायरवाला हेडफोन. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि बीट जुळवणं अशक्य होतं.
- लाल-पांढऱ्या आरसीए पिनपासून एक्सएलआर आणि मोठ्या जॅकपर्यंत जाणाऱ्या केबल, प्रत्येकी दोन जोड. साउंडवाल्याकडं योग्य पिन असेलच असं धरू नका.
- छोटा यूपीएस. लाईट गेल्यावर जनरेटर चालू होईपर्यंत लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वेगळ्या ॲडॉप्टरचा कंट्रोलर बंद पडतो.

सॉफ्टवेअर कुठलं, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. पैसे नसतील तर ‘मिक्स’ घ्या, नावात शेवटी तीन एक्स असलेलं. ते पूर्ण फुकट आणि मुक्त आहे आणि या लेखातलं जवळपास सगळं त्यावर करता येतं. कंट्रोलरसोबत सेराटो किंवा व्हर्च्युअल डीजे आलं असेल तर तेच वापरा. गोव्यातल्या क्लबात वाजवायचं डोक्यात असेल तर मात्र रेकॉर्डबॉक्स शिका, कारण अशा ठिकाणी बहुधा पायोनियरचे सीडीजे प्लेअर असतात आणि त्यांच्यासाठी ग्रिड-क्यूसकट पेनड्राइव्ह सहसा रेकॉर्डबॉक्समधून तयार करतात. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घालू नका. भर कार्यक्रमात ते कधी बंद पडेल याचा भरवसा नाही.

२. ट्रॅक कुठून आणायचे

यूट्यूबवरून उतरवलेली फाइल लॅपटॉपच्या स्पीकरवर बरी वाटते. डॉल्बीच्या टॉपवर तीच फाइल लावली की हाय-हॅटची (ठेक्यातल्या झांजेची) जागा फसफस आवाज घेतो, कारण दाबताना वरच्या पट्टीतला आवाज कापला गेलेला असतो. जुन्या हाउसमध्ये हाय-हॅटच अर्धं काम करतो, म्हणून हा तोटा इथं जास्त जाणवतो. ट्रॅक्ससोर्स, बीटपोर्ट, जुनो आणि बँडकॅम्प इथं जुन्या शिकागो रेकॉर्डी रीतसर विकत मिळतात. हाउससाठी ट्रॅक्ससोर्स मला सगळ्यात उपयोगी वाटतं.

विकत घेताना नावामागची शेपटी वाचा. एकाच ट्रॅकची रेडिओ आवृत्ती, बारा इंची लांब आवृत्ती, डब (गायन बहुतेक काढलेली आवृत्ती), नव्यानं केलेली री-एडिट आणि रीमास्टर असे पाच-सहा प्रकार दिसतात. मिक्सिंगला लांब आवृत्ती घ्या. तिच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका असतो, तीच आपली आत-बाहेर जायची जागा. री-एडिट वाईट नसते, कुणीतरी तिचा वेग आधीच सरळ केलेला असतो. पण मूळ रेकॉर्ड ऐकल्याशिवाय री-एडिटवर जाऊ नका, कारण मूळची मजा बऱ्याचदा त्या सरळ करण्यातच हरवते.

घरात प्लेट किंवा कॅसेट असतील तर त्या स्वतः उतरवून घ्या. आपल्याकडच्या पावसात, विशेषतः खानापूर भागात, त्यांना बुरशी धरते. आधी नीट साफ करून वाळवा. टर्नटेबलला फोनो प्रीअँप लागतो, त्याशिवाय आवाज बारीक आणि बेस नसलेला येतो. अर्थिंगची वायर जोडली नाही तर गुणगुण येते. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. खरखर काढण्याचं फिल्टर जोरात लावलं की क्लॅपची (ठेक्यातल्या टाळीची) धार जाते. थोडी खरखर राहिली तरी चालेल.

३. बीटग्रिड: इथं वेळ द्या

बीटग्रिड म्हणजे सॉफ्टवेअरनं वेव्हफॉर्मवर मारलेल्या उभ्या रेघा. सिंक, लूप (एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं), क्वांटाइझ (दाबलेलं बटण जवळच्या बीटवर बसवणं), इफेक्ट, सगळं या रेघांवर उभं असतं. रेघ चुकली की वरचं सगळं चुकतं, आणि सिंकचा दिवा मात्र खुशाल पेटलेला दिसतो.

आकड्यानं बघा. १२० च्या वेगात एक बीट अर्ध्या सेकंदाची. सॉफ्टवेअरनं वेग फक्त ०.०५ नं चुकीचा मोजला, तर सहा मिनिटांनंतर रेघ किकपासून १५० मिलिसेकंद लांब गेलेली असते, म्हणजे बीटच्या जवळपास एक तृतीयांश. ०.०१ ची चूक असली तरी शेवटाला ३० मिलिसेकंदाचा फरक पडतो आणि तेवढ्यात किक दुहेरी ऐकू येते. म्हणून दशांशानंतरचे आकडे इथं शोभेचे नाहीत.

ड्रम मशीनच्या ट्रॅकसाठी मी असं करतो:

- आधी वेग अर्धा किंवा दुप्पट तर दाखवत नाही ना, ते बघतो. ६१ दिसलं तर ते १२२ असतं.
- पहिली स्पष्ट किक शोधून रेघ तिच्या अगदी सुरुवातीला आणतो. किकच्या फुगवट्यावर मध्यभागी नाही, जिथून ती उठते तिथं.
- मग सरळ ट्रॅकच्या शेवटी जातो आणि शेवटची किक बघतो. रेघ किकच्या मागं असेल तर ग्रिडचा वेग कमी, पुढं असेल तर जास्त मोजला गेलाय. वेव्हफॉर्म डावीकडून उजवीकडं वाचायचा आणि रेघ उजवीकडं सरकलेली असेल तर ती ‘मागं’ पडली असं म्हणायचं. म्हणजे उजवीकडं गेली तर आकडा वाढवायचा, डावीकडं आली तर कमी करायचा.
- मग मधे दोन-तीन ठिकाणी तपासतो. सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही जुळले की ग्रिडला कुलूप लावतो, म्हणजे पुन्हा ॲनालिसिस झालं तरी ते बदलत नाही.

कधी कधी सुरुवात आणि शेवट जुळतात, पण मधे रेघा किकभोवती हलक्या डोलतात. प्लेटचं भोक मधोमध नसलं की असं होतं. ३३⅓ आरपीएमवर एक फेरी १.८ सेकंदाची, तेवढ्या अंतरानं वेग जरा चढतो आणि उतरतो. हे दुरुस्त करत बसू नका. ते डोलणं कानाला खटकत नाही आणि सरळ करायला गेलात तर ट्रॅक निर्जीव होतो.

माणसानं वाजवलेल्या ड्रमसाठी, आणि टेप कापून जोडलेल्या जुन्या एडिटसाठी, एकच वेग चालणार नाही. रेकॉर्डबॉक्समध्ये ॲनालिसिस ‘डायनॅमिक’वर ठेवून पुन्हा करा. सेराटोमध्ये ग्रिड संपादनात जाऊन खुणा वाढवता येतात. ‘मिक्स’च्या सेटिंगमध्ये वेग एकसारखा धरण्याची खूण असते, ती काढा. जिथं हातानं खुणा मारता येतात, तिथं मी दर ३२ बीटला एक खूण मारतो. प्रत्येक बीटला खूण मारायचा मोह होतो, पण मग सिंक केलेला दुसरा ट्रॅक दर क्षणाला वेग बदलत राहतो आणि त्याच्या सुरात थरथर येते.

आता सगळ्यात जास्त फसवणारा खड्डा: सम चुकणं. सॉफ्टवेअर बऱ्याचदा ट्रॅकमधल्या पहिल्या आवाजालाच पहिली बीट धरतं, आणि जुने ट्रॅक अनेकदा उचल घेऊन, स्नेअरच्या दोन-तीन टोल्यांनी सुरू होतात. वेग बरोबर, किकवर किक बरोबर, तरी मिक्स लंगडतो, तेव्हा हेच झालेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. हाउसमध्ये किक चारही मात्रांवर, क्लॅप दुसरीवर आणि चौथीवर, उघडा हाय-हॅट दोन किकच्या मधे. तुमच्या ग्रिडच्या पहिल्या मात्रेवर क्लॅप पडत असेल तर सम एक मात्रा सरकली आहे. भजनात बसलेल्या माणसाला हे चटकन कळतं. तुमच्या घरात कुणी पखवाज किंवा तबला वाजवत असेल तर त्याला ट्रॅक ऐकवा आणि सम कुठं ते विचारा.

४. आवाजाची पातळी

जुना ट्रॅक आणि नवा ट्रॅक वेव्हफॉर्ममध्ये शेजारी ठेवा. नवा विटेसारखा सपाट आणि भरलेला दिसेल, जुन्यात टोकं आणि मोकळी जागा दिसेल. ती मोकळी जागाच त्याची ताकद आहे, किक तिच्यामुळंच छातीला लागते. पण एकूण आवाज त्यामुळं कमी पडतो.

हा फरक चॅनेलच्या वरच्या गेन किंवा ट्रिमच्या बटणानं भरून काढायचा. फेडर (चॅनेलचा आवाज वर-खाली करणारी सरकती दांडी) दोन्हीकडं पूर्ण वर असताना दोन्ही ट्रॅक कानाला सारखे वाटले पाहिजेत. ऑटो-गेन चालू ठेवा, त्यानं अंदाज येतो, पण शेवटचा निर्णय कानाचा. मीटर लाल होत असेल तर जुन्याचा गेन आणखी वाढवण्यापेक्षा नव्याचा उतरवा. हे उलटं वाटतं, पण वर जागा उरली तरच जुन्याची किक न फाटता बाहेर येते. बाकीचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरवरून वाढतोच.

जुन्या ट्रॅकचा बेस बटणानं वाढवू नका. डॉल्बीचे बेस बॉक्स आधीच फुगवून लावलेले असतात. ९०९ ची किक छोटी आणि कडक असते. ती फुगवली की फक्त घुमते. कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला एक जुना ट्रॅक ऐकवा आणि बेस जरा उतरवायला, मधला भाग जरा उघडायला सांगा. तो कुरकुरेल, पण आदरानं मागितलं तर देतो. त्याच्या यंत्रणेबद्दल चारचौघांत उणं बोलू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

५. सूर

वेग ६ टक्के वाढवला की सूर साधारण अर्ध्या स्वरानं चढतो. १ टक्क्याला साधारण १७ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा सहावा भाग. टेप आणि प्लेटच्या प्रवासात जुन्या ट्रॅकचा सूर आधीच थोडा सरकलेला असतो, तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठंतरी पडतो. म्हणून जुन्या ट्रॅकच्या बाबतीत सॉफ्टवेअरनं दाखवलेली पट्टी सूचना म्हणून घ्या, हुकूम म्हणून नाही. हेडफोनमध्ये दोन्ही बेस एकत्र ऐका. दात आंबल्यासारखं वाटलं तर जोडी सोडा.

की-लॉक म्हणजे वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण. ते ताणलं की जुन्या गायिकांचा आवाज धूसर होतो आणि क्लॅप चिकट होतो. २-३ टक्क्यांपर्यंतच्या बदलाला मी की-लॉक बंद ठेवतो, टर्नटेबलवर झालं असतं तसंच होऊ देतो. त्यापलीकडं जावं लागलं आणि गाणं असेल तर चालू करतो.

६. प्रत्यक्ष मिक्स

वेग कुणी सोडायचा? समजा जुना ट्रॅक १२१.३ चा आहे आणि नवा १२५ चा. सिंक दाबलं तर जुना ३ टक्के वर ओढला जातो. दोघांनाही १२३ वर भेटवा: जुना साधारण १.४ टक्के वर, नवा १.६ टक्के खाली. दोघांचाही पोत टिकतो. माझा कल नव्याला खाली आणण्याकडं असतो, कारण जुन्या हाउसची झुलती चाल १२०-१२४ मध्येच खुलते. १२८ ला नेलं की ती पळापळ होते. रात्र पुढं सरकेल तसा वेग प्रत्येक ट्रॅकला जरासा वाढवा, नाचणाऱ्याला कळणारही नाही.

आता जोडणी. हाउस चार मात्रांच्या आठ आवर्तनांत, म्हणजे ३२ मात्रांच्या तुकड्यांत चालतं. नवं वाद्य येतं किंवा जातं ते बहुधा या तुकड्याच्या समेवर.

- नव्या ट्रॅकचा ३२ मात्रांचा तुकडा सुरू होतो त्या समेवर जुना सुरू करा. जुन्याचा लो (खालचा आवाज; मिड म्हणजे मधला, हाय म्हणजे वरचा) पूर्ण बंद, फेडर हळूहळू वर.
- पहिल्या ३२ मात्रा जुन्याचे फक्त हाय-हॅट आणि क्लॅप ऐकू येऊ द्या. दोन क्लॅप एकमेकांवर आदळत असतील तर एकाचा मिड जरा उतरवा. किकपेक्षा क्लॅपची चूक कानाला आधी कळते.
- पुढच्या समेवर लोची अदलाबदल, दोन्ही हातांनी एकाच वेळी: नव्याचा खाली, जुन्याचा वर. दोन बेस एकत्र चार मात्रासुद्धा ठेवू नका.
- त्यानंतर नव्याचा मिड काढा, शेवटी हाय, मग फेडर.

जुन्या ट्रॅकमध्ये सुरुवात फार छोटी असेल तर पहिल्या आठ किंवा सोळा मात्रांचा लूप करून हवी तेवढी लांबवा. ग्रिड नीट असेल तर लूप कळत नाही.

एक सावधगिरी: टेप कापून बनवलेल्या रेकॉर्डीत तुकडा कधी ३२ ऐवजी २८ किंवा ३६ मात्रांचा निघतो. नकल्सच्या काळी हे हातानं व्हायचं, ब्लेडनं टेप कापून. म्हणून प्रत्येक जुना ट्रॅक घरी एकदा मोजत ऐका आणि जिथं जिथं बदल येतो तिथं हॉट क्यू (बटण दाबताच त्या जागी नेणारी खूण) मारून ठेवा. मी बेस येतो तिथं एक रंग, गाणं सुरू होतं तिथं दुसरा, बाहेर पडायची जागा तिसरा असं ठेवतो.

सिंक वापरावं की नाही यावर भांडण्यात अर्थ नाही. पण शिकताना आठवड्यातून काही वेळ सिंक बंद करून, वेव्हफॉर्मकडं न बघता, फक्त पिच फेडर (वेग बदलायची दांडी) आणि हेडफोनवर जुळवा. फेडरची कक्षा ८ टक्के ठेवा, जुन्या टेक्निक्स टर्नटेबलवर तेवढीच असायची. ज्याचा कान तयार आहे त्याला ग्रिड चुकलेलं दोन सेकंदांत कळतं आणि तो जॉग व्हील (कंट्रोलरवरची फिरती चकती) हलकेच ढकलून ते सावरतो. बाकीच्यांना ते स्क्रीनवर दिसतच नाही.

अलीकडच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टेम्स आले आहेत: ठेका, बेस, गायन वेगवेगळं काढता येतं. दोन गायनं एकमेकांवर येत असतील तर एक काढायला ते उत्तम. पण जुन्या हाउसचा ठेका काढून त्याखाली नव्या ट्रॅकचा ठेका घालू नका. ८०८ आणि ९०९ चा तो ठेका म्हणजेच तो ट्रॅक आहे.

उलट दिशेनं मात्र एक प्रयोग करून बघा. जुन्या शिकागो ट्रॅकमध्ये नुसती किक आणि बेस चालू असतात अशा लांब मोकळ्या जागा असतात. चार मात्रांत बसणारी हलगीची स्वच्छ रेकॉर्डिंग असेल तर तिथं ती ३२ मात्रांसाठी वर ठेवा, लो पूर्ण बंद करून. हलगीचा कडक टोला आणि ९०९ चा क्लॅप एकाच पट्टीत येतात, म्हणून क्लॅपच्या ट्रॅकचा मिड थोडा उतरवा. ज्यांनी आयुष्यात हाउस ऐकलेलं नाही असे पाहुणेही इथं नाचायला उठतात, आणि मागून “आवाज जरा चढीव की!” अशी हाक येते. हलगी काढून घेतल्यावर ते हाउसवर नाचत राहतात.

७. आपल्याकडं कुठं आणि कधी

मिरवणुकीत जुनं हाउस लावू नका. तिथं गर्दीला ढोल-ताशा आणि ओळखीचं गाणं हवं असतं, आणि ते त्यांच्या हक्काचं आहे. रिसेप्शनमध्ये जेवणाआधीचा तास, हॉटेलच्या लॉनवरचा वाढदिवस, कॉलेजच्या कार्यक्रमाची सुरुवात, जांबोटीकडच्या रिसॉर्टवरची संध्याकाळ, अशा जागा योग्य. गाणं असलेल्या ट्रॅकनं सुरू करा, नुसता ठेका आणि अॅसिड नंतर.

उघड्यावर लाउडस्पीकर लावायचा तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ बंदी असते. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण ती सण-उत्सवांसाठी असते, तुमच्या कार्यक्रमासाठी ती आहे असं समजू नका. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. जागा ठरवायच्या आधीच हे बघा.

पोलीस ठाण्यात जाताना मी हे सोबत ठेवतो:

- अर्जाच्या दोन प्रती, त्यात तारीख, सुरू आणि बंद होण्याची वेळ, जागेचा पूर्ण पत्ता. अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. एका प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.
- आयोजकाचं आणि तुमचं ओळखपत्र, झेरॉक्ससह.
- जागामालकाचं संमतिपत्र.
- साउंडवाल्याचं नाव, फोन नंबर, गाडीच्या कागदांची झेरॉक्स.

तिकीट लावलेला किंवा हॉटेलचा व्यावसायिक कार्यक्रम असेल तर रेकॉर्डेड संगीत वाजवण्याचा परवाना लागतो. तो कोण काढणार हे आयोजकाशी आधी लेखी ठरवा. लग्न आणि त्याच्याशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. लॉनवाले कधी कधी लग्नातही परवाना मागतात, तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

८. पेनड्राइव्ह आणि राखीव सोय

पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करा. जुने-नवे सगळे प्लेअर तो वाचतात. फ्लॅक फायली जुन्या सीडीजेवर वाजत नाहीत, म्हणून मी एआयएफएफ ठेवतो. त्यात दर्जा पूर्ण राहतो आणि वेव्हमध्ये जी माहिती नीट टिकत नाही तीही टिकते. ट्रॅकच्या माहितीत साल, कंपनी आणि ‘ग्रिड तपासलं’ अशी खूण लिहा. ज्याचं ग्रिड तपासलेलं नाही तो ट्रॅक कार्यक्रमाच्या यादीत घालायचाच नाही, असा नियम ठेवा.

एकसारखे दोन पेनड्राइव्ह करा आणि दुसरा वेगळ्या खिशात ठेवा. सॉफ्टवेअरचा डेटाबेसही महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. गाणी पुन्हा विकत किंवा उतरवून मिळतात, पण ग्रिड आणि क्यू पुन्हा मारायला अख्खा पावसाळा जातो. मोबाइलमध्ये तासभराचा तयार मिक्स आणि त्याला लागणारी केबल ठेवा, लॅपटॉप बंद पडला तर तो चालू होईपर्यंत तेवढं पुरतं.